बोटीचं इंजिन बदललं, पण बोटीवर रंगवलेला प्रवाशांचा आकडा तोच राहिला तर?

डिसेंबर 2024 आठवतोय? महिन्याच्या सुरुवातीला पवना धरणात दुधिवरेजवळ बोट उलटली आणि दोन तरुण बुडाले. मग 18 तारखेला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली. 15 जणांचा जीव गेला. दोन्ही वेळा चर्चा लाइफ जॅकेटची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

पण नीलकमलच्या बातमीतली एक ओळ बहुतेकांनी वाचून सोडून दिली. नौदलाच्या निवेदनानुसार त्या स्पीडबोटीच्या इंजिनची चाचणी सुरू होती, इंजिनात बिघाड झाला आणि बोटीवरचा ताबा सुटला. इंजिन पुरवणाऱ्या कंपनीची माणसंही त्या स्पीडबोटीवर होती. म्हणजे सगळी जाणकार मंडळी सोबत असतानाही इंजिनची चाचणी अशी अंगावर येऊ शकते. मग धरणाच्या काठावर, ओळखीच्या मेकॅनिककडून जुन्या बोटीचं इंजिनच बदलून घेतलं तर काय होत असेल?

हा प्रश्न फक्त मुंबईचा नाही. कान्हे फाट्यावरून आत वळलं की टाकवे बुद्रुक लागतं, अंदर मावळाचं प्रवेशद्वार. इथून पुढे गेलं की टाटांचं ठोकळवाडी धरण. त्याच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजकेंद्र 1922 पासून चालतंय. जवळच आंद्रा धरण, आणि महामार्गाच्या पलीकडे पवना. पाणी आलं की कॅम्पिंग येतं, कॅम्पिंगवाल्यांना बोट हवी असते, आणि नवी बोट परवडत नाही. अशा वेळी बंद इंजिनची जुनी फायबरची बोट स्वस्तात मिळाली की डोक्यात एकच आयडिया येते : आतलं इंजिन काढा, मागे आऊटबोर्ड लटकवा. यूट्यूबवर याचे ढीगभर व्हिडिओ आहेत. दिसतंही सोपं.

आधी फरक समजून घेऊ. इनबोर्ड म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं इंजिन. त्याचा दांडा तळातून किंवा मागच्या फळीतून बाहेर येतो आणि पंखा फिरवतो. आऊटबोर्ड म्हणजे इंजिन, गिअर, पंखा सगळं एकाच युनिटमध्ये, बोटीच्या मागे अडकवलेलं. त्याचे फायदे खरे आहेत. पोटातली जागा मोकळी होते. दुरुस्तीला मोटर काढून नेता येते. आणि धरणासाठी सगळ्यात महत्त्वाचं, उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि खडक वर आले की मोटर वर उचलून घेता येते. इनबोर्डचा पंखा तळाखालीच राहतो, आपटला की काम संपलं.

मासेमारीच्या मोठ्या बोटींना मात्र हा सौदा सहसा परवडत नाही. जड माल घेऊन हळू चालणाऱ्या बोटीला मोठा पंखा आणि डिझेलच लागतं. शिवाय आपल्याकडे यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या कराचा परतावाही मिळतो. त्यामुळे हा विषय मुख्यतः छोट्या प्रवासी आणि पर्यटनाच्या बोटींचा.

आता पॉड. जुन्या बोटीची मागची फळी आऊटबोर्डसाठी बनवलेलीच नसते. कधी उंची जुळत नाही, कधी तिला इंजिनसाठी पाडलेलं भोक असतं. म्हणून मागे फायबरची एक बंद पेटी जोडतात आणि मोटर त्या पेटीला लावतात. ही पेटी म्हणजे पॉड. ती पोकळ असल्यामुळे तरंगते आणि मोटरचं वजन पेलते. निदान पेलायला हवी.

इथे गणित येतं, पण सोपं आहे. 150 हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर साधारण 200 किलोची असते. पॉड समजा 50 किलोचा. झाले 250. धरणाच्या गोड्या पाण्यात एक लिटर जागा बुडली की एक किलो वजन उचललं जातं. म्हणजे पॉडचा किमान 250 लिटर भाग पाण्यात हवा. पॉड सव्वा मीटरच्या आसपास रुंद आणि 70 सेंटिमीटर लांब धरला, तर तो जवळपास 30 सेंटिमीटर बुडायला हवा. एवढं करून त्याने फक्त स्वतःचं आणि मोटरचं ओझं पेललं. मागच्या बाकावर चार माणसं बसली तर त्यांचा हिशोब वेगळा.

आणि पॉड छोटा निघाला तर? बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, पुढचं जू हवेत जातं. बोटीचंही तसंच. मागचा भाग खाली बसतो, नाळ वर उचलली जाते, चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही आणि एखादी लाट मागून सरळ आत येते. मोटर फळीपासून जितकी लांब, तितका हा झोक जास्त.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची, कारण ती दिसत नाही. जुनं इंजिन जड होतं आणि बोटीच्या अगदी तळाशी होतं. नकळत ते बोटीला स्थिर ठेवत होतं. ते काढलं की बोट हलकी होते, पाण्यावर जास्त तरंगते आणि मालकाला वाटतं, वा, अजून चार माणसं बसतील! प्रत्यक्षात तळाचा भार गेलेला असतो आणि माणसं बसतात वर. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला गेले की तीच बोट पूर्वीपेक्षा जास्त कलते. मे 2024 मध्ये उजनीत कुगाव-कळाशी बोट उलटून सहा जण गेले, ते वादळी वाऱ्यामुळे. तिथे इंजिनबदलाचा विषय नव्हता. पण वारा सुटल्यावर छोट्या बोटीच्या हातात किती कमी वेळ असतो, हे त्या संध्याकाळी कळलं.

कामातल्या चोरवाटा वेगळ्याच. जुन्या फायबर बोटींच्या मागच्या फळीत बऱ्याचदा प्लायवूड असतं. वर्षानुवर्षं पाणी मुरून ते आतून कुजतं, बाहेरून मात्र चकचकीत. हातोडीने ठोकलं की बद्द आवाज येतो. अशा फळीला पॉड बोल्ट केला तर मोटरचा सगळा जोर कुजक्या लाकडावर. जुनं भोक बुजवतानाही वरून फायबरचा एक तुकडा चिकटवून भागत नाही. कडा लांबवर उतरत्या घासून थरावर थर द्यावे लागतात. आणि डिझेलच्या जागी पेट्रोल आलं, तर पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बंद कप्प्यात तळाशी साचते. बॅटरीची एक ठिणगी पुरते. डिझेलसाठी बनवलेल्या कप्प्यात पेट्रोलची टाकी तशीच ठेवणं म्हणूनच धोक्याचं.

कायदा काय म्हणतो? 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 आला आहे. बोटीची मजबुती, स्थिरता किंवा सुरक्षितता बदलेल असा कुठलाही फेरफार करण्याआधी त्यात परवानगी लागते. महाराष्ट्रात नोंदणी आणि तपासणीचं हे काम मेरीटाईम बोर्डाकडे आहे. पोटातलं इंजिन काढून मागे पॉड जोडणं हा असा फेरफार नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने वरचं गणित पुन्हा वाचावं.

बोटीवर रंगवलेला आकडा येतो तो या तपासणीतून. नीलकमलला 84 प्रवासी आणि 6 कर्मचाऱ्यांची परवानगी होती, बोटीवर शंभराहून जास्त लोक होते. तिथे आकडा होता, पाळला गेला नाही. इंजिन बदललेल्या बोटीवर तो पाळला तरी उपयोग नसतो, कारण तो आधीच्या वजनाचा, आधीच्या तोलाचा असतो. म्हणून पर्यटक म्हणून तुमच्या हातात एक साधी गोष्ट आहे. मोटर मागे लटकलेली दिसतेय आणि बोटीच्या मध्ये इंजिनचं जुनं झाकण किंवा रिकामा खड्डाही आहे, तर शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. तारीख इंजिन बदलण्याच्या आधीची असेल तर बसू नका. पैसे परत नाही मिळाले तरी चालेल.

आणि मोटर कोणती लावली हेही बघा. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त इंधन न जळताच पाण्यात जातं. स्वस्तात मिळतात म्हणून जुन्या बोटींना त्याच लावायचा मोह होतो. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. आंद्रा धरणाचंही इंद्रायणीतून निघोजेला उचललं जातं आणि चिखलीत शुद्ध होऊन त्याच शहराच्या नळाला येतं.