आमची मुलं तुमच्या सहलीतला थांबा नाहीत

पावसाळा लागला की शनिवार-रविवारी पिरंगुटपासून गाड्यांची रांग लागते. टेमघरचं धरण बघायचं, घाटात भाजलेलं कणीस खायचं, लवासात रंगीत इमारतींपुढे फोटो काढायचे आणि संध्याकाळी पुण्यात परत. या पट्ट्यातल्या एका बालगृहात आणि त्याला जोडलेल्या निवासी शाळेत मी काही वर्षं काम केलं. संस्थेचं नाव देत नाही. जे मी सांगणार आहे ते कुठल्याही संस्थेत घडतं आणि त्यातली एक चूक माझी स्वतःची आहे.

रविवारी सकाळी फोन यायचा. "मॅडम, आम्ही लवासाला चाललोय, वाटेत तासभर मुलांबरोबर घालवायचाय. मुलीचा वाढदिवस आहे. केक आणलाय. मुलं किती आहेत तुमच्याकडे?"

मुलं किती आहेत? केटररला ताटं विचारतात तसं. कुठल्या इयत्तेत आहेत, आज त्यांचा काय कार्यक्रम आहे, आम्ही आलो तर चालेल का, हे विचारणारा फोन मला क्वचित आला.

रविवार हा आमच्या मुलांचा केस धुण्याचा, कपडे वाळत घालण्याचा, उशिरापर्यंत लोळण्याचा दिवस. पाहुणे आले की तो संपला. सतरंजी अंथरायची, रांगेत बसायचं, पाठ केलेलं स्वागतगीत म्हणायचं, अनोळखी मुलीसाठी टाळ्या वाजवायच्या आणि शेवटी एका सुरात "थँक्यू दादा, थँक्यू ताई". एकदा एकाच दिवशी तीन गट आले. तिसऱ्या गटाची गाडी फाटकात शिरताना नऊ वर्षांचा एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, आता कुणाचा बर्थडे?" त्याची स्वतःची जन्मतारीख रजिस्टरला 1 जून आहे. महाराष्ट्रातल्या ज्या पोरांच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नाही, त्यांचा सगळ्यांचा वाढदिवस शाळेने 1 जूनला घालून दिलेला असतो. त्या दिवशी केक घेऊन कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

इथपर्यंत वाचून आपल्यातले काही जण म्हणतील, हे सगळं सवर्ण मध्यमवर्गाचं, पुण्य कमावायला निघालेल्यांचं वर्णन आहे, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि म्हणूनच हा लेख आपल्या लोकांसाठी लिहिते आहे.

एका 14 एप्रिलला आपलेच कार्यकर्ते वह्या-पेन घेऊन आले. 'एक वही, एक पेन' ही मोहीम मला मनापासून पटते. हार-फुलांवरचा पैसा शिक्षणाकडे वळवणं हा बाबासाहेबांना मानवंदना देण्याचा चांगलाच मार्ग आहे. त्यांनी दारातून "जयभीम ताई" म्हटलं आणि इतर गटांना मी जे नियम सांगायचे ते यांना सांगितलेच नाहीत. आपले लोक आहेत, काय सांगायचं? बॅनर लागला, वही देणारा हात आणि घेणारा हात एकाच चौकटीत आणून फोटो निघाले, रात्री ते संस्थेच्या नावासकट फेसबुकवर गेले. त्या फोटोत पुढच्या रांगेत सातवीतली एक मुलगी होती. तिच्या जिवाला घरातल्याच एका माणसापासून धोका होता म्हणून बालकल्याण समितीने तिला आमच्याकडे ठेवलं होतं. ती कुठे आहे हे त्याला कळू नये, एवढी एकच गोष्ट आम्हाला सांभाळायची होती. पंधरा दिवसांत तो माणूस फाटकाशी उभा होता.

मुलीला दुसऱ्या जिल्ह्यात हलवावं लागलं. मैत्रिणी सुटल्या, शाळा सुटली. फोटो काढून टाका म्हणून मी फोन केला तेव्हा त्यांनी काढले. पण त्यातला एक जण म्हणाला, "ताई, तुम्ही चळवळीच्या कामात खोडा घालताय." मी काही बोलले नाही. फाटक मीच उघडलं होतं.

बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, त्याची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला या कलमाने बंदी आहे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं आपल्याला तोंडपाठ आहेत, तशी ही पण व्हायला हवीत.

आणि कायदा तरी कशाला, आपला वारसा बघा. 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे, सुरक्षितपणे बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते तिने ठरवावं, अशा आशयाच्या पाट्या जोतीरावांनी लावल्या. त्या घराची पहिली हमी अन्नाची नव्हती, गुप्ततेची होती. बाई कोण, कुठली, हे चारचौघांत कळलं असतं तर त्या घराला अर्थच उरला नसता. तिथे जन्मलेल्या एका मुलाला या दांपत्याने 1874 मध्ये दत्तक घेतलं, तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. आपण फुले दांपत्याच्या फोटोला हार घालतो आणि त्याच फोटोखाली पोरांना रांगेत उभं करून त्यांचे चेहरे गावभर वाटतो.

आता नेहमीचा आक्षेप. पाहुणे थांबवले तर मदत कुठून येणार? संस्थाचालकांनी हा प्रश्न मला अनेकदा विचारला आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सरकारी अनुदान उशिरा येतं, किराणावाल्याची उधारी थांबत नाही, आणि ज्याने मुलं डोळ्यांनी बघितली तो पुढच्या वर्षी पुन्हा धान्य पाठवतो. पण याचा अर्थ नीट समजून घ्या. पोरगं हसलं, गायलं, मांडीवर बसलं, की गोणी येते. म्हणजे ही मदत नसून मजुरी आहे. फक्त कष्ट मूल करतं आणि हिशोब मोठी माणसं ठेवतात. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की भेट कधी फुकट नसते, ती परतफेडीचं ओझं घेऊन येते. ज्या मुलाकडे परत द्यायला काही नाही ते आपलं हसू देतं, आपली कहाणी देतं. "बाबा कसे वारले रे तुझे?" असं विचारणारे पाहुणे मी पाहिले आहेत. मूल सांगतंही, कारण सांगितलं की माणूस विरघळतो हे ते चौथ्या-पाचव्या वेळेला शिकलेलं असतं.

बाबासाहेबांनाही मदत मिळाली होती. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 मध्ये अमेरिकेला गेले, पण त्यासाठी लेखी करार झाला होता, परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. दोन्ही बाजूंना बांधणारा करार! आणि बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं तेव्हा तिथली मुलं काय करत होती? 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवत होती. पाहुण्याला स्वागतगीत ऐकवणारी मुलं आणि पाहुण्याच्या हातात स्वतःच्या मासिकाचा अंक ठेवणारी मुलं यांत केवढं अंतर आहे, ते मोजा.

मुळशीत तर या सगळ्याला आणखी एक कंगोरा आहे. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणासाठी याच तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली, 1921 साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. नंतर वरसगाव धरणाच्या काठावर 18 गावांच्या हद्दीत लवासा आलं. दासवे, मुगावसारख्या गावांत शेतकरी आणि आदिवासी जमिनीच्या तक्रारी करत राहिले, मेधाताई पाटकर आणि त्यांचे सहकारी लढले, 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. लवासात गरिबांच्या मुलांसाठी ख्रिस्टेल हाऊससारखी शाळाही निघाली होती. मुलं शिकली ही चांगलीच गोष्ट. पण हा डोंगर ज्यांचा होता त्या कातकऱ्यांची, धनगरांची, आपल्या भूमिहीन माणसांची पोरं वसतिगृहाच्या सतरंजीवर बसून त्याच डोंगरावर फिरायला आलेल्या पाहुण्याच्या हातून बिस्किटाचा पुडा घेतात आणि थँक्यू म्हणतात, हे बघून तुम्हाला काहीच खटकत नाही? मला तर रोज खटकायचं.

स्वयंसेवकांचं वेगळं. त्यातले बरेच जण प्रामाणिक असतात. पण पंधरा दिवसांसाठी येतात, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र घेतात आणि जातात. आधीच एकदा सोडलं गेलेलं मूल त्या दादाला घट्ट धरतं. दादा गेला की रात्री अंथरूण ओलं करायला लागतं, आणि ते धुणारी मावशी कुठल्याच फोटोत नसते. नेपाळ आणि कंबोडियात तर परदेशी स्वयंसेवकांना दाखवण्यासाठी आईबाप असलेली मुलं अनाथालयांत आणून ठेवली गेली. 2019 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेला आपल्या ठरावात अनाथालयांतल्या पर्यटक-स्वयंसेवेचा उल्लेख करावा लागला तो उगाच नाही.

मग येऊच नका का? या ना. आधी पत्र पाठवून या, पोलीस पडताळणी करून या, मोबाइल कार्यालयात ठेवा आणि वर्षभर दर शनिवारी आठवीचं गणित शिकवा. ज्याला शनिवार जमत नाही त्याने बालगृहाच्या आत न येताही पुष्कळ करता येतं. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांची आई जिवंत होती. तिच्याकडे पैसा नव्हता एवढंच. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात आणि मूल घरीच राहू शकतं. पण अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, मृत्यूचा दाखला लागतो, वीटभट्टीवरची बाई दोन दिवसांची मजुरी बुडवून तालुक्याला जाते आणि "उद्या या" ऐकून परतते. तिच्याबरोबर तहसीलला जाणारा एक कार्यकर्ता पन्नास वह्यांपेक्षा मोठं काम करतो.

आणि अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांकडे कोण बघतं? त्या दिवशी बालगृहाचं दार मागे लागतं. कायद्यात कलम 46 प्रमाणे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे, प्रत्यक्षात मुलगा एक पेटी घेऊन स्वारगेटला उतरतो. जातीचा दाखला नाही, कारण वडिलांकडची कागदपत्रं नाहीत. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो आता गोंडस राहिलेला नाही, मिसरूड फुटलं आहे, त्याच्याबरोबर कुणाला फोटो नको आहे.

मागच्या जूनमध्ये असाच एक जण मला भेटला. राहायला जागा शोधत होता. कर्वेनगरला आपल्या तीन पोरांनी खोलीत चौथी गादी टाकली, भाडं चौघांत वाटून घेतलं आणि दाखल्यासाठी त्याच्या चुलत्याच्या गावी दोन चकरा मारल्या. त्यांची नावं विचारली तर म्हणाले, ताई, लेखात नको.