तासांची वही कोणाच्या हाती?

मैत्रिणींनो, इंजिनिअरच्या परवान्याचा विषय आपल्या अंकात कशाला, असं तुम्हांला वाटेल. मलाही बरीच वर्षं तो नुसता कागदपत्रांचा विषय वाटत होता. नोकरी गेली तेव्हा कळलं की तो बाईच्या वेळेचा विषय आहे.

मी सांगलीची, स्थापत्य इंजिनिअर. बावीस वर्षं अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनमध्ये राहते. पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले आणि तळी यांची आखणी करणं हे माझं काम. इथे नकाशावर आपला शिक्का मारायचा तर राज्याच्या मंडळाचा परवाना लागतो. ही सक्ती हौसेखातर आलेली नाही. १८ मार्च १९३७ रोजी न्यू लंडन या गावी शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. त्याच वर्षी टेक्सासनं इंजिनिअरांच्या परवान्याचा कायदा केला.

परवाना एकदा मिळाला की काम संपत नाही. दर वर्षी १५ तास नवं शिक्षण घ्यावं लागतं, त्यातला किमान एक तास व्यावसायिक नीतीचा. जास्तीचे तास १४ पर्यंत पुढच्या वर्षात धरता येतात. घरी बसून स्वतः केलेला अभ्यास मात्र वर्षाला फक्त ५ तास चालतो. प्रमाणपत्रं मंडळाकडे पाठवायची नसतात. ‘अट पूर्ण केली’ असं आपणच जाहीर करायचं. पण कार्यक्रम कोणता, कुठे, किती वेळ, शिकवलं कोणी, याची नोंद आणि हजेरीचा पुरावा तीन वर्षं जपून ठेवायचा. मंडळ अधूनमधून काही जणांची तपासणी करतं.

या अटीवर माझा राग नाही. शंभर वर्षांतून एकदा पडणारा पाऊस म्हणून ह्यूस्टनमध्ये आम्ही चोवीस तासांत १३ इंच धरत होतो. २०१७ साली हार्वे वादळ आलं. २०१८ साली सरकारी हवामान खात्यानं नव्यानं हिशेब करून तो आकडा १८ इंचांवर नेला. जी इंजिनिअर १३ वरच थांबली, तिच्या नाल्याचं पाणी खालच्या वस्तीतल्या घरांत शिरणार. तेव्हा शिकत राहायलाच हवं.

माझा प्रश्न वेगळा आहे. हे तास येतात कुठून, आणि त्यांची वही असते कोणाकडे?

मुलगी लहान होती तेव्हा बहुतेक चर्चासत्रं संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवारी असत. माझे पुरुष सहकारी निवांत जात. त्या वेळी त्यांच्या घरी मुलांना कोण जेवू घालत होतं, हे कोणी विचारलं नाही. मी जमतील तेवढे तास कंपनीत, दुपारच्या डब्याच्या वेळेत होणाऱ्या व्याख्यानांतून गोळा केले. त्यांची सगळी नोंद कंपनीच्या संगणकावर होती. मला ती सोय वाटायची.

मग कंपनीनं माणसं कमी केली. दुपारी चार वाजता माझा संगणक बंद झाला. मुलीचा फोटो आणि चहाचा कप खोक्यात घालून मी घरी आले. चार महिन्यांनी मंडळाचं तपासणीचं पत्र आलं. जुन्या कंपनीला तीनदा लिहिलं, उत्तर नाही. व्याख्यात्यांना फोन करकरून अकरा तासांचे पुरावे जमले. उरलेले चार मिळाले ते एका छोट्या संघटनेच्या चिटणीस बाईंकडून. त्यांनी प्रत्येक सभेची हजेरी स्वतःच्या हातानं वहीत लिहून, सह्या घेऊन ठेवली होती. ती वही पाहून मला आपल्या बचत गटांच्या वह्या आठवल्या. परवाना वाचला तो त्या वहीमुळे.

माझी एक धाकटी मैत्रीण एवढी नशीबवान नव्हती. जुळ्यांच्या बाळंतपणानंतर ती वर्षभर सावरली नाही. तिनं परवाना ‘निष्क्रिय’ करून घेतला. सूट मागता येते हे तिला कोणी सांगितलंच नाही. नियमात सूट आहे. परदेशी सलग १२० दिवसांहून अधिक तैनात असलेल्या सैनिकांना ती आहे. आजारपण, अपंगत्व किंवा ‘अन्य’ अडचण मंडळानं मान्य केली तर तीही चालते. बाळंतपणाचं नाव मात्र नाही. सैनिकाला स्वतःची ओळ, आणि बाळंतिणीनं ‘अन्य’मध्ये अंग चोरून बसायचं!

काही जणी म्हणतात, सवलत मागितली की बायका कच्च्या ठरतात. मी एकही तास कमी मागत नाही. पूल बाईनं बांधला म्हणून त्यावरचं ओझं कमी होत नाही. बाळंतपणाच्या वर्षाचे तास पुढच्या दोन वर्षांत भरू द्या आणि हे नियमात नाव घेऊन लिहा, एवढंच माझं म्हणणं आहे.

संस्था आपण होऊन हे करतील या भरवशावर राहू नका. नोरा स्टँटन ब्लॅच १९०५ साली कॉर्नेल विद्यापीठातून स्थापत्य इंजिनिअर झाली. अमेरिकेतल्या स्थापत्य इंजिनिअरांच्या संस्थेनं तिला वरच्या दर्जाचं सभासदत्व नाकारलं, म्हणून १९१६ साली ती कोर्टात गेली आणि हरली. त्याच संस्थेनं तिला ‘फेलो’ केलं ते २०१५ साली, तिच्या मृत्यूनंतर.

हे फक्त परदेशातलं आहे असं समजू नका. महाराष्ट्रात डॉक्टरांनाही नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण जमवावे लागतात. तुमच्यातल्या परिचारिका, शिक्षिका, अंगणवाडी सेविका प्रशिक्षणांना जातात. त्या हजेरीचा कागद कोणाच्या कपाटात असतो?

म्हणून सांगते, एक वही करा. तारीख, तास, ठिकाण, शिकवणाऱ्याचं नाव लिहा, जमलं तर सही घ्या, आणि ती वही घरी ठेवा. संघटनांनी वर्ग दिवसा घ्यावेत, तिथे पाळणाघर असावं, आणि नियमात बाळंतपणाचं नाव यावं म्हणून मंडळांना पत्रं लिहावीत. घरात राबलेल्या तासांची नोंद कोणीच ठेवली नाही. निदान शिकलेल्या तासांची वही तरी दुसऱ्याच्या कपाटात राहू देऊ नका.