किडीची लिपी आणि धानाची बांधी

सिंदेवाही परिसरात ऑक्टोबर महिना धानउत्पादकाच्या धीराची परीक्षा पाहणारा असतो. रोवणी केव्हाच आटोपलेली, निंदण झालेले, खताचा शेवटचा हप्ता दिलेला आणि लोंबीत दाणा भरू लागलेला. अशा वेळी हिरव्या बांधीच्या मधोमध एखादा गोल, करपलेला चट्टा दिसू लागतो आणि पाहता पाहता तो पसरत जातो. पऱ्हे टाकल्यापासूनचा सारा खर्च व श्रम त्या चट्ट्यात जळून जातात. हे काम तपकिरी तुडतुडा या तांदळाच्या दाण्याहूनही लहान कीटकाचे असते. धानाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, तो दाटीवाटीने बसतो आणि रस शोषतो. बांधावरून पाहणाऱ्यास तो दिसत नाही. दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

या क्षुद्र कीटकाचा जनुकसंच २०१४ मध्ये वाचला गेला. चीनमधील चेजियांग विद्यापीठाच्या पुढाकाराने हे काम झाले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांब धागा असतो आणि त्यावर चार रासायनिक अक्षरांत त्या सजीवाचा वारसा लिहिलेला असतो. या अक्षरांचा क्रम लावणे म्हणजे जनुकसंचाचे वाचन. धागा सलग वाचता येत नाही. त्याचे असंख्य तुकडे करून, ते वाचून, एकमेकांशी जुळणारी टोके शोधून ग्रंथ पुन्हा बांधावा लागतो. तुडतुड्याच्या या ग्रंथात सुमारे ११४ कोटी अक्षरे आणि २७ हजारांवर जनुके आढळली. ज्या धानावर तो जगतो त्याचा जनुकसंच २००५ मध्ये पूर्ण झाला होता. त्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात भारतीय शास्त्रज्ञांनी अकराव्या गुणसूत्राच्या वाचनाचा वाटा उचलला होता. धानाचा ग्रंथ सुमारे ४० कोटी अक्षरांचा आहे. भक्षकाचा ग्रंथ भक्ष्याच्या ग्रंथाहून जवळजवळ तिप्पट जाड निघावा, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

परंतु आश्चर्याने कोठार भरत नाही. सिंदेवाहीच्या बांधीत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास या वाचनाचा उपयोग काय, हा प्रश्न उद्धट नाही. तो न्याय्य आहे आणि त्याचे उत्तर विज्ञानाने दिलेच पाहिजे.

उत्तराचा पहिला भाग असा की, शत्रूचे मर्म त्यामुळे कळू लागले. धानाचा रस हा निकस आहार. शरीर घडविण्यास लागणारी काही द्रव्ये त्यात पुरेशी नसतात. ही उणीव तुडतुड्याच्या शरीरात राहणारे किण्वासारखे सूक्ष्मजीव भरून काढतात. कीटकाच्या जनुकांत जे नाही ते या भाडेकरूंच्या जनुकांत आहे, हे दोघांचे ग्रंथ शेजारी ठेवल्यावर स्पष्ट झाले. तुडतुड्यात आखूड पंखांचे आणि लांब पंखांचे असे दोन प्रकार असतात. पहिला एका जागी राहून वंश वाढवितो, दुसरा दूरवर उडून नव्या शेतांवर उतरतो. कोणत्या पिलास कोणते पंख फुटावेत हे ठरविणारी जनुके २०१५ मध्ये ओळखली गेली. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध निकामी करणारी जनुके कोणती, हेही आता सांगता येते.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कीड ही स्थिर वस्तू नव्हे. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये आयआर-२६ हे तुडतुड्यास दाद न देणारे वाण दिले. त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण दोन-तीन वर्षांतच त्यावर पोसणारा तुडतुड्याचा नवा जैवप्रकार उभा राहिला. पूर्व विदर्भास परिचित असलेल्या गादमाशीची कथा याहून निराळी नाही. तिची अळी धानाच्या वाढत्या कोंबात शिरते आणि लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी बाहेर पडते. भारतात या माशीचे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत. एका जैवप्रकारास रोखणारे वाण दुसऱ्यापुढे हतबल ठरते. डोळ्यांना मात्र हे सारे प्रकार एकसारखेच दिसतात. नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये गादमाशीच्या तंतुकणिकांतील छोट्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध केले. त्यातील एका तुकड्याची पुनरुक्ती किती वेळा होते, यावरून जैवप्रकारांतील भेद ओळखता येऊ शकतो, असे त्यात दिसून आले. म्हणजे कोणती माशी आली आहे हे पीक हातचे जाण्यापूर्वी सांगण्याची वाट खुली झाली.

ही वाट न चालल्यास काय होते? तर फवारणी वाढते. फवारणीने तुडतुड्यांबरोबर त्यांना खाणारे कोळीही मरतात आणि तुडतुडे दुप्पट जोमाने उसळतात. इंडोनेशियाने हा अनुभव घेऊन १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. विदर्भाने त्याहून कटू अनुभव घेतला आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. कोणती कीड, कोणत्या प्रकारची, किती संख्येने, हे न जाणता औषध मारण्याची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही.

तथापि जनुकसंचाचे वाचन म्हणजे रामबाण उपाय, असा भ्रम कोणी करून घेऊ नये. ज्या कीटकांचा ग्रंथ वाचला गेला ते प्रयोगशाळेत वाढविलेले होते. सिंदेवाही, मूल, नागभीड वा आरमोरीच्या बांधीतील कीटक यंदा कसा आहे, हे त्या ग्रंथात लिहिलेले नाही. ते दर हंगामी जागेवर जाऊन पाहावे लागते, चुडाचुडाशी वाकून मोजावे लागते, नमुना गोळा करावा लागतो. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र सिंदेवाहीत आहे. गावोगावी कृषी सहायक आहेत, तालुक्यांच्या ठिकाणी विज्ञान महाविद्यालये आहेत. कीड मोजण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतात ती माणसे, शिस्त आणि सातत्य. अक्षरे दूरच्या प्रयोगशाळेत वाचली जातील, अर्थ मात्र बांधीतच लावावा लागेल. दिल्लीतील यंत्रांवर खर्च करावयाचा आणि जिल्ह्यातील निरीक्षकाचे पद रिक्त ठेवावयाचे, हे धोरण कोश विकत घेऊन शाळा बंद करण्यासारखे होय.

निरीक्षणाचे मोल या भागास कोणी शिकविण्याची गरज नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या निराळ्या काढल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून एचएमटी हे वाण घडविले. त्यांचे शालेय शिक्षण अगदीच थोडे झाले होते. विद्यापीठाने पुढे १९९८ मध्ये शुद्धीकरण करून पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित केले आणि श्रेय कोणाचे, हा वाद दीर्घकाळ चालला. २०१८ मध्ये दादाजींचे निधन झाले, तेव्हा देशभर नाव झालेल्या या संशोधकाच्या पदरी संपत्ती म्हणावी असे काही नव्हते.

तोच प्रश्न आता नव्या रूपात उभा आहे. बांधीतून उचललेल्या कीटकाची वा धानाची अक्षरे एकदा संगणकात साठविली की ती जगात कोठेही वापरता येतात. अशा माहितीच्या लाभात मूळ स्थानाचाही वाटा असावा, हे तत्त्व २०२२ च्या माँट्रिअल जैवविविधता परिषदेत मान्य झाले आणि २०२४ मध्ये कॅली येथे त्यासाठी निधी ठरला. पण त्यात भर घालण्याची कंपन्यांवर सक्ती नाही. म्हणून नमुना कोणत्या गावचा, तो कोणी ओळखला, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवणे हेच तूर्त हाती असलेले संरक्षण आहे. अशी नोंदवही ठेवण्यास ना परदेशी तज्ज्ञ लागतो, ना मोठे अनुदान. ती महाविद्यालयातील विद्यार्थी ठेवू शकतो, गावचा शिक्षक तपासू शकतो आणि संशोधन केंद्र जपू शकते. तुडतुडा पुढच्या हंगामी पुन्हा येणारच आहे. तो येईल तेव्हा गेल्या वर्षाची नोंद हाताशी असेल की नाही, एवढेच ठरवावयाचे आहे.