गादी बदलून ढेकूण जात नाही

पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, मोशीत, भोसरीत किंवा चाकणच्या वाटेवर कुरुळी-निघोजेकडे खोली शोधत आलेल्या मुलाला भाडं बहुतेकदा खोलीचं सांगत नाहीत, कॉटचं सांगतात. ‘कॉट बेसिस’ हा इथला रुळलेला शब्द. एका खोलीत चार-सहा लोखंडी कॉट, प्रत्येकाचं डिपॉझिट वेगळं, आणि कुठे कुठे फर्स्ट शिफ्टवाला उठून गेला की नाइट करून आलेला त्याच गादीवर आडवा होतो. ढेकूण झाले की त्यांचा हिशेबही कॉटनेच लागतो. ज्याच्या गादीत सापडले त्यानेच गादी फेकायची, औषध आणायचं, आणि तो नवा असेल तर ‘यानेच गावाहून आणले’ हेही मुकाट्याने ऐकून घ्यायचं. हा हिशेब मुळातच चुकलेला आहे. तो का चुकला, हे ढेकणांच्या वासाचा पिच्छा पुरवणाऱ्या संशोधकांनी गेल्या पंधरा-सोळा वर्षांत चांगलं दाखवून दिलं आहे.

अंड्यातून निघालेलं ढेकणाचं पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याआधी त्याला एकदा पोटभर रक्त लागतं. आपल्या हवेत हा सगळा प्रवास दीड-दोन महिन्यांत उरकतो. या वाटेवर त्याचा वासही बदलत जातो. पिल्लांच्या गंधग्रंथी पोटाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाठीकडे असतात. मोठ्या ढेकणाच्या छातीच्या खालच्या अंगाला. हेक्सेनाल आणि ऑक्टेनाल ही अल्डिहाइड दोघांतही सापडतात, पण पिल्लांच्या मिश्रणात त्यांचीच ‘ऑक्सो’ नावाची भावंडं मिसळलेली असतात आणि प्रमाणही निराळं असतं. (याच कुळातली अल्डिहाइड कोथिंबिरीतही असतात. कोथिंबिरीला ढेकणाचा वास येतो असं युरोपात फार पूर्वीपासून म्हणतात. कोथिंबीर वडी खाणाऱ्यांनी ते मनावर घेऊ नये.) या वासाचं पिल्लाला काय काम? ढेकणांचा नर रक्त पिऊन फुगलेलं कुठलंही अंग दिसलं की त्यावर चढतो आणि सुईसारख्या अवयवाने मादीचं पोट भोसकूनच समागम करतो. पिल्लाच्या वाट्याला हे आलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये पिल्लांच्या ग्रंथी बंद करून पाहिल्या, तेव्हा नर त्यांना मादीसारखंच वागवू लागले. ग्रंथी उघड्या असलेल्या पिल्लांना मात्र ते लवकर सोडून देत. पुढच्याच वर्षी आपल्याकडच्यासारख्या उष्ण देशांतल्या जातीच्या पिल्लांतही हीच रसायनं आढळली. एरवी धोक्याच्या वेळी जो वास इतर ढेकणांना ‘पळा’ म्हणून सांगतो, तोच पिल्लाच्या अंगावर ‘मी अजून लहान आहे’ असं सांगतो.

आपल्या कामाची गोष्ट याच्या पुढची आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या रेजिन ग्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ढेकणांना एकत्र आणणारा वास उलगडला. त्यासाठी पाळलेल्या ढेकणांना स्वतःचं रक्त पाजताना या बाईंनी सुमारे 1 लाख 80 हजार चावे सोसले. त्यांना मिळालं ते असं: हवेत पसरणारे पाच पदार्थ ढेकणाला आडोशाकडे ओढतात आणि हिस्टामीन त्याला तिथे थोपवून धरतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2016 मध्ये आणखी एक दुवा जोडला. पिल्लाने टाकलेल्या कातीतही त्या अल्डिहाइडचा साठा उरतो, तो एकदम न सुटता हळूहळू बाहेर पडत राहतो आणि इतर ढेकूण पळण्याऐवजी उलट त्या कातीपाशी येऊन थांबतात. आता कॉट बेसिसच्या खोलीकडे बघा. ढेकूण गादीच्या शिवणीत असतो तसाच कॉटच्या पोकळ चौकोनी पाइपात, स्क्रूच्या भोकात, प्लायवूडच्या खालच्या बाजूला, भिंतीवरच्या स्विचबोर्डामागे असतो. तिथे बॉलपेनने टिंबं काढावीत तसे काळे ठिपके दिसतात आणि त्यांच्यात कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ काती. गादी गेली तरी ‘इथे बिऱ्हाड आहे’ ही पाटी पाइपात तशीच लटकलेली राहते.

आणि औषध मारलं की? आज बहुतेक फवारे पायरेथ्रॉइडचे असतात. मुरलेले ढेकूण त्यांना दाद देत नाहीत आणि न मेलेले बिथरून सरकतात; मधल्या भिंतीला वायरची भोकं आणि पत्र्याच्या फटी असतातच. महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारली गेली तेव्हा सुरुवातीला लोकांना ढेकूण मेल्याचाच जास्त आनंद झाला होता. 1956 पर्यंत मुंबई राज्यातले ढेकूण डीडीटीला जुमानत नसल्याची नोंद झाली. मग टिक-20 हे ढेकणांचं औषध आलं. ते ढेकणांपेक्षा माणसांच्या आत्महत्यांसाठी जास्त आठवलं जातं. आता धान्याच्या कोठारातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बंद खोलीत ठेवण्याचा जीवघेणा उद्योग चालतो. ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. एकट्याने, गुपचूप, स्वस्तात निपटायला गेलं की माणूस नेमका याच गोळ्यांपर्यंत पोहोचतो.

म्हणून ढेकणांचा हिशेब कॉटचा नव्हे, अख्ख्या इमारतीचा व्हायला हवा, आणि त्यात महापालिकेनेही लक्ष घालायला हवं. यावर पहिला आक्षेप घरमालकांचा: पोरं स्वच्छ राहत नाहीत. ढेकणाच्या संगतीने हिराही भंगतो असं मानणाऱ्या समाजात ढेकूण म्हणजे चारित्र्याचा दाखला होणारच. पण ढेकणाला घाण लागत नाही, रक्त लागतं. 2023 मध्ये पॅरिसची मेट्रो आणि सिनेमागृहं याच किड्यामुळे जगभर गाजली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ढेकूण रोग पसरवत असल्याचं सिद्ध झालेलं नाही, मग डासांच्या धुरीकरणातच दमलेल्या महापालिकेने हेही अंगावर का घ्यावं? रोगाचं म्हणणं खरं आहे. तरी 2018 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या अभ्यासात ढेकूण असलेल्या घरांच्या धुळीत हिस्टामीन भरपूर सापडलं, आणि उष्णतेने ढेकूण मारल्यावर तीन महिन्यांनीही ते टिकून होतं. श्वासावाटे ते माणसाच्या आत गेल्यावर नेमकं काय होतं हा पुढच्या अभ्यासाचा विषय. पण झोप मोडलेला माणूस सकाळी प्रेस मशीनवर उभा राहतो, हे समजायला अभ्यास लागत नाही. महापालिकेने स्वतः फवारावं असं मी म्हणत नाही. भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींनी काय करायचं एवढा नियम तिने घालून द्यावा.

तो नियम साधा असू शकतो. तक्रार एका कॉटची आली तरी तपासणी शेजारच्या, वरच्या आणि खालच्या खोल्यांची. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका बहुमजली इमारतीत पहिला ढेकूण सापडल्यापासून 41 महिन्यांत 45 टक्के घरं बाधित झाली होती आणि त्यांतल्या निम्म्या रहिवाशांना त्याचा पत्ताही नव्हता, कारण चावे सगळ्यांच्याच अंगावर उठत नाहीत. उपचार एकाच दिवशी सगळीकडे, आणि अंडी फुटून निघालेल्या पिल्लांसाठी दोन आठवड्यांनी पुन्हा. पाइपांच्या तोंडांना बूच, फटींना लांबी. कपडे-चादरी कडकडीत गरम पाण्यात, कारण 50 अंशांच्या वर अंडीही तगत नाहीत. बाजेच्या सांध्यात उकळतं पाणी ओतणाऱ्या आपल्या आज्यांना एवढं ठाऊक होतं. खर्च इमारतीच्या मालकाचा. तो म्हणेल, भाडं वाढवावं लागेल. वाढवू दे, आज सहा जण सहा वेळा वेगवेगळी औषधं आणतात तो खर्चही भाड्यातच धरायला हवा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांना गादी फेकायचीच आहे त्यांनी ती ब्लेडने उभी-आडवी फाडून मगच बाहेर ठेवावी. धड दिसणारी गादी मोशीच्या कचरा डेपोपर्यंत पोहोचत नाही. संध्याकाळच्या आत ती कुणीतरी डोक्यावर घेऊन पुढच्या गल्लीतल्या खोलीत नेतो.