राउटर बदलण्यापूर्वी

खेळ अडखळला की आमचे बीडकर मित्र महागड्या ‘गेमिंग राउटर’साठी घरी हट्ट धरतात. मला हे पटत नाही. आधी दोष कोठे आहे ते पाहावे. माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिलेला ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम त्यासाठीच आहे. संगणक केबलने राउटरला जोडून पिंगचे आकडे पाहावेत. ते स्थिर झाले, तर दोष वाय-फायचा. राउटर जाड भिंतीआडून मधल्या खोलीत आणावा. राउटरपर्यंत आकडे स्थिर, पण पुढे उड्या मारत असतील, तर दोष लाईनचा किंवा घरातल्याच मोठ्या डाऊनलोडचा. लाईनचा दोष नवा राउटर कसा घालवणार? ज्या जिल्ह्यातील कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेथे तरी पैशाआधी दहा मिनिटे खर्चावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.