कारखान्याच्या यंत्रांचाही एक बेणेमळा हवा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेण्यावर लिहावे, खतावर लिहावे; यंत्रावर लिहायचे याला काय कारण, असे कोणी म्हणेल. कारण एवढेच की गव्हाण थांबली की पहिला फोन आम्हाला येतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्हीच शिवारोशिवार सांगत फिरतो, आणि वजन घटते ते तुमचे.

पूर्वी आम्ही ज्या कारखान्यात नोकरीस होतो, तेथे ऐन हंगामात एका रात्री ऊस वाहणारा पट्टा मधूनमधून थांबू लागला. पडद्यावरचे आकडे मात्र जागच्या जागी. एक गाडीवाला आत डोकावून म्हणाला, "साहेब, टीव्हीवर तर सगळं ठीक दिसतंय की!" पहाटे उलगडा झाला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने स्वतःचा लॅपटॉप जोडून ठेवला होता, आणि त्याचा नेटवर्कमधला नंबर नेमका पट्टा चालवणाऱ्या पीएलसीचाच होता. एका सातबाऱ्यावर दोन मालक, दुसरे काय! यात कोणाचा कट नव्हता. पण शोधायचे कसे, हे रात्रपाळीच्या एकाही माणसाला कधी शिकवले नव्हते.

पीएलसी म्हणजे मोटार केव्हा चालू करायची, झडप किती उघडायची हे ठरवणारी पेटी. आज पट्टा, मिल, बॉयलरच्या पाण्याची पातळी, टर्बाइन हे सारे अशा पेट्यांवर चालते आणि त्या तारेवरून एकमेकींशी बोलतात. त्यांची मॉडबस नावाची एक बोली १९७९ सालची आहे; हुकूम देणारा कोण, हे ती मुळात विचारीतच नाही.

"आपले मशीन इंटरनेटला जोडलेले नाही, मग भीती कशाची?" असे आम्हाला ऐकवले जाते. इराणमधील नतान्झचा अणुप्रकल्पही जोडलेला नव्हता. तेथे स्टक्सनेट हा व्हायरस पेन ड्राइव्हवाटे शिरला असे मानले जाते. २०१० साली तो उघडकीस आला. साखर आणि मळी वेगळी करायला आपली सेंट्रिफ्युगल फिरतात, तशी तेथे युरेनियमसाठी फिरत होती. त्यांचा वेग बिघडवला जात होता आणि पडद्यावर सर्व ठीक दिसत होते. अगदी आपल्या राज्यातही, जून २०१७ मध्ये युक्रेनमधून पसरलेल्या व्हायरसमुळे जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या बंदरावर कोणी नेम धरला नव्हता, तरी फटका बसलाच.

म्हणून आमचे मत असे की बिगरहंगामात कारखान्याने एक सरावाचे टेबल मांडावे. नवी जात आपण एकदम साऱ्या रानात लावत नाही, आधी बेणेमळ्यात पाहतो. तसेच हे. मोडीत निघालेल्या पॅनेलमधली एखादी पीएलसी, पट्ट्याऐवजी छोटी मोटार, बॉयलरऐवजी पाण्याचा ड्रम, एक पडदा. चालू कारखान्याशी त्याची एकही तार जोडलेली नसावी, ही अट पक्की. शेजारी फक्त ऐकणारा एक संगणक ठेवावा. कोणती पेटी कोणाशी, किती वेळाने बोलते हे त्याने टिपावे. यासाठी लागणारे वायरशार्क हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. कारखान्यातले बोलणे ठराविक असते. तीच यंत्रे, तेच प्रश्न. चांगल्या चिटबॉयला आपल्या गटातला परका माणूस बांधावरूनच कळतो. महिनाभर ऐकलेल्या मुलालाही परका नंबर तसाच कळेल. एकाने मुद्दाम बिघाड करावा, दुसऱ्याने तो शोधावा. चुकले तर ड्रम सांडेल, एवढेच.

हा पोरखेळ आहे, असे काही जाणती मंडळी म्हणतात. त्यांनी ती एक रात्र गाड्यांच्या रांगेत काढायला हवी होती.

टेबलाचा विषय वार्षिक सभेपुढे ठेवावा अशी विनंती आम्ही केली आहे. भोकर भागातील ज्या सभासदांची मुले आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झाली आहेत, त्यांनी नावे गट कार्यालयात द्यावीत. मुलगी असेल तर तिचेही द्यावे.