अल-हम्माचे ऊन पाणी



गेल्या महिन्यात ग्रॅनाडाच्या राजवाड्याबद्दल लिहिले. त्याच सफरीतला एक दिवस लिहायचा राहून गेला होता. खरे तर तो दिवस आमच्या कार्यक्रमात नव्हताच, अम्मींच्या गुडघ्यांमुळे तो नशिबी आला.

अलहम्ब्राचे चढ आणि अल्बायसिनच्या दगडी गल्ल्या यांनी तिसऱ्या दिवशी अम्मींनी हात टेकले. "तुम्ही फिरून या, मी तस्बीह घेऊन खोलीत बसते," म्हणाल्या. आता अम्मींना एवढ्या लांब आणून खोलीत कसे बसवायचे? उतरलो होतो तिथल्या बाईंना आमच्या लेकीने मोबाईलवर भाषांतर करून विचारले, गुडघ्यांना आराम पडेल असे जवळपास काही आहे का. त्यांनी कागदावर एक नाव लिहून दिले: अल्हामा दे ग्रॅनाडा.

नाव वाचले आणि आम्ही हसलोच. हे तर आपलेच अरबी: अल-हम्मा, म्हणजे गरम पाण्याचा झरा. 'हम्माम' त्याच घराण्यातला शब्द. स्पेनमध्ये अल्हामा नावाची गावे अनेक आहेत, मुर्सियाजवळ एक, अल्मेरियाकडे एक, उत्तरेला अरागॉनमध्ये एक. जिथे जमिनीतून ऊन पाणी आले तिथे अरबांनी हेच नाव ठेवले आणि राज्ये बदलली तरी ते टिकले. अम्मींना हे सांगितले तर त्यांना नवल वाटले नाही. "आपलं उन्हवरे नाही का?" त्या म्हणाल्या. त्यांचे माहेर दापोली तालुक्यातले. उन्हवऱ्याच्या कुंडांवर लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीने जायच्या. मग लगेच दुसरा प्रश्न: "तिथे बायकांचं कुंड वेगळं आहे ना?"

ते आम्हाला ठाऊक नव्हते.

अल्हामा ग्रॅनाडापासून साधारण 55 किलोमीटरवर, नैर्ऋत्येला आहे. बस जैतूनच्या बागांतून जाते. डोंगरउतारावर मैलोन्‌मैल एकसारखी झाडे, मध्ये लाल-पिवळी माती. गाव एका खोल दरीच्या काठावर बसले आहे. घरांच्या मागच्या भिंती जिथे संपतात तिथून कडा सरळ खाली उतरतो आणि तळाशी नदी. हे गाव कुणी कसे जिंकले असेल, असा प्रश्न पाहताक्षणी पडतो. त्याची गोष्ट पुढे येईलच. 1884 साली नाताळच्या रात्री इथे मोठा भूकंप झाला, शेकडो माणसे दगावली, निम्मे गाव कोसळले. त्यामुळे आज दिसते त्यातले बरेचसे नंतरचे बांधकाम आहे.

गावात आमचा वेळ फार गेला नाही. मधल्या चौकाजवळ सोनेरी दगडाचे मोठे चर्च आहे. पूर्वी त्या जागी मशीद होती. आत जाऊन पाहिले. अम्मी दाराशी बाकावर बसल्या, काही बोलल्या नाहीत. आम्हीही त्यांना काही विचारले नाही.

झरे गावाबाहेर नदीकाठी आहेत. तिथे एक जुने स्नानगृहाचे हॉटेल आहे आणि त्याच्या पोटात अरबी जमान्याचा हम्माम अजून उभा आहे. नालाच्या आकाराच्या कमानी, वर घुमटी छत, खाली पाणी. उगमापाशी पाण्याची उष्णता 47 अंशांच्या आसपास असते. म्हणजे हात घातला तर लगेच काढावा लागतो. वाफेने कमानींचा दगड ओला राहतो. कितीतरी शतके तो असाच घामेजत आला असेल. हा भाग पाहण्यापुरता आहे, आंघोळ दुसरीकडे. आंघोळीचे तलाव मात्र स्त्री-पुरुषांना एकत्र आणि पोहण्याच्या पोशाखात. अम्मींच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. बायकांचे वेगळे काही नव्हते.

इथे आम्हाला इब्न बतूता आठवला. हा टँजियरचा मुसाफिर आपल्याला परका नाही. मुहम्मद बिन तुघलकाच्या दिल्लीत तो काजी होता. दौलताबाद त्याने पाहिले, नंदुरबार पाहिले, मराठ्यांच्या खाण्यापिण्याबद्दलही लिहून ठेवले. हिंदुस्थान, मालदीव, चीन असे फिरून घरी परतल्यावर 1350 च्या सुमारास तो अंदलुसमध्ये गेला आणि मालागाहून ग्रॅनाडाला जाताना याच गावी थांबला. त्याची नोंद जेमतेम दोन-तीन ओळींची आहे. गाव लहान, मशिदीची जागा फार सुंदर, आणि गावापासून मैलभरावर नदीकाठी गरम झरा. तिथे पुरुषांसाठी एक घर आणि स्त्रियांसाठी दुसरे.

अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा आले असते तर आंघोळ झाली असती."

या एका वाक्याने आम्हाला दिवसभर सोडले नाही. अंदलुस म्हटले की आपण कमानी, कारंजी, ग्रंथालये मोजतो. एका म्हाताऱ्या बाईला पडद्यात, निर्धास्तपणे गुडघे शेकता येत होते, ही गोष्ट त्या यादीत आम्ही कधी वाचली नव्हती.

आता गाव पडले त्याची हकीकत. अल्हामा सरहद्दीपासून आत, ग्रॅनाडाच्या अगदी उंबरठ्याशी. इथे शत्रू येईल असे कुणाच्या मनातही नव्हते. 28 फेब्रुवारी 1482 च्या पहाटे काडिझचा सरदार रॉड्रिगो पोन्से दे लिओन याच्या माणसांनी शिड्या लावून तटावर चढाई केली. दिवसभर गल्लीबोळांत लढाई झाली. कितीतरी लोक मारले गेले, उरले ते गुलाम झाले. अमीर अबुल हसन अली फौज घेऊन धावला, वेढा दिला, पण गाव परत घेता आले नाही. त्या दिवसापासून दहा वर्षांच्या आत, 2 जानेवारी 1492 रोजी ग्रॅनाडाच्या किल्ल्या गेल्या. अल्हामाच्या शोकाचे एक गीत स्पेनमध्ये लोकांच्या तोंडी शतकानुशतके राहिले. लॉर्ड बायरनने त्याचा इंग्रजी अनुवादही केला. ते गीत स्पॅनिश भाषेत आहे, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या भाषेत, हे आम्हाला विचित्र वाटते.

मात्र ही गोष्ट लेकीला सांगताना आम्ही तिचा आधीचा भाग गाळला नाही. दोनच महिने आधी, डिसेंबर 1481 मध्ये, ग्रॅनाडाच्या फौजेने साहारा हे ख्रिस्ती गाव असेच रात्री अचानक घेतले होते आणि तिथले लोक असेच बांधून आणले होते. आपल्याकडच्या अंदलुसवरच्या पुस्तकांत अल्हामाचे रडणे भरपूर असते, साहाराचे नाव क्वचित. आणि अल्हामा गेल्यावर ग्रॅनाडात काय झाले? त्याच वर्षी अमिराचा मुलगा, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दिल म्हणतात, बापाविरुद्ध उठला आणि तख्तावर बसला. शत्रू 55 किलोमीटरवर आणि घरात भाऊबंदकी. लेक म्हणाली, "मग हरणारच." तिला उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हते.

अल्हामात 1482 नंतर मुसलमान वस्ती उरली नाही. ग्रॅनाडाच्या बाकी मुलखात ती राहिली. शरणागतीच्या करारात दीन, मशिदी, काजी सगळ्याची हमी होती. ती हमी दहा वर्षेही टिकली नाही. 1499 पासून सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले. 1501 संपेपर्यंत कागदोपत्री तिथे एकही मुसलमान नव्हता. घराघरात मात्र होते, आणि त्यांच्यापुढे रोजचा प्रश्न होता तो पाण्याचा.

नमाज दार लावून पढता येते. रोजा पोटात राहतो, दिसत नाही. पण वुजू आणि गुस्ल? पाण्याचा आवाज होतो, पाणी गटारात जाते, शेजारीण विचारते की हिवाळ्यात पहाटे अंग कशाला धुता. धर्मन्यायालयाच्या कागदांत आंघोळ हा पुरावा म्हणून येतो. अमका हातपाय फार धुतो, तमकी अमुक दिवशी न्हाते. अशा साक्षींवर माणसे पकडली जात.

त्या लोकांसाठी 1504 मध्ये मगरिबच्या एका आलिमांनी, अहमद बिन अबी जुमा वहरानी यांनी, एक फतवा पाठवला. आम्ही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले होते. त्यात रागावणे नाही, 'हिजरत करा नाहीतर गुनाहगार व्हाल' असा दम नाही. त्यात लिहिले आहे की नमाज इशाऱ्याने पढा, दिवसा जमली नाही तर रात्री पढा. गुस्ल समुद्रात किंवा नदीत डुबकी मारूनही होईल. पाणी मिळू देत नसतील तर भिंतीवर हात फिरवून तयम्मुम करा, आणि तेही जमत नसेल तर माती, दगड किंवा झाड असेल त्याकडे नुसती नजर टाका. नजरेने तयम्मुम! माणसाला किती कोपऱ्यात दाबले असेल म्हणजे मुफ्तीला हे लिहावे लागते, याचा विचार करावा.

पुढे 1567 च्या पहिल्याच दिवशी राजा दुसरा फिलिप याचा हुकूम ग्रॅनाडात पुकारला गेला. अरबी बोलणे-लिहिणे बंद, पोशाख बंद, शुक्रवारी घराची दारे उघडी ठेवायची, आणि हम्माम बंद. फ्रान्सिस्को नुनियेस मुले नावाच्या एका वृद्ध, बाटवलेल्या घराण्यातल्या सरदाराने त्याविरुद्ध अर्ज लिहिला. हम्माम ही अंग स्वच्छ करायची जागा आहे, तिचा दीनशी संबंध नाही, असे त्याचे म्हणणे. पाकी हा ईमानचा भाग मानणाऱ्या घराण्यातल्या माणसाला, पाकी वाचवण्यासाठी, तिचा दीनशी संबंध नाही असे लिहून द्यावे लागले. अर्ज फेटाळला गेला. पुढच्या वर्षी बंड झाले, ते चिरडले गेले, आणि 1609 पासून सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर घालवले. ग्रॅनाडा शहरातला अकराव्या शतकातला एक हम्माम, एल बान्युएलो, त्यातून बचावला. पुढे तिथे लोक कपडे धुवायचे. अल्हामाचा बचावला, कारण खालचे पाणी कुणाच्या हुकुमाने थांबणारे नव्हते.

परत आमच्या दिवसाकडे. हॉटेलच्या खाली, नदीला लागून, झऱ्याचे पाणी दगडी खळग्यांतून वाहते. तिथे कुणीही बसावे, तिकीट नाही. वरच्या खळग्यांत गोरी मंडळी पोहण्याच्या पोशाखात डुंबत होती, तिकडे आम्ही पाठ केली. खाली, जिथे ऊन पाणी नदीत मिसळते, तिथे निवांत जागा सापडली. नोव्हेंबरचा गारठा होता. अम्मींनी मोजे काढले, सलवार गुडघ्यापर्यंत सारली, वरून शाल पसरली आणि पाय पाण्यात सोडले. "या अल्लाह," एवढेच म्हणाल्या, आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या.

थोड्या वेळाने गावातली एक म्हातारी काठी टेकत आली. काळा झगा, डोक्याला रुमाल. ती अम्मींच्या शेजारीच बसली, तिनेही पाय सोडले. मग स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून अम्मींकडे पाहिले. अम्मींनी आपल्या गुडघ्यावर थाप मारली. दोघींचे बोलणे तेवढ्यावर झाले. म्हातारीने खिशातून संत्रे काढून अर्धे अम्मींना दिले. लेकीने फोटो काढायला मोबाईल उचलला तर अम्मींनी डोळ्यांनीच नको म्हटले.

असरची वेळ झाली. वुजू त्याच पाण्याने केले. कुदरती गरम पाण्याने वुजू होतो का, असे लेकीने विचारले. का होऊ नये? झऱ्याचे पाणी पाकच. किब्ल्यासाठी सवयीने आम्ही मावळतीकडे वळलो. मग ध्यानात आले की इथून मक्का पूर्वेला. कोरड्या दगडावर शाल अंथरली. अम्मींना जमिनीवर बसता येत नव्हते, त्यांनी दगडावर बसून इशाऱ्याने नमाज पढली. म्हातारी तोवर तिथेच होती. तिने पाहिले, आणि पाय पाण्यात हलवत राहिली.

निघताना अम्मींनी बाटलीभर पाणी घेतले. बसमध्ये ती शालीत गुंडाळून मांडीवर धरली होती, तरी ग्रॅनाडाला पोहोचेपर्यंत गार झाली.

जाणाऱ्यांसाठी थोडे. ग्रॅनाडाहून बस मोजक्याच असतात, परतीची वेळ आधी विचारून घ्या. हम्माम ठरावीक वेळीच दाखवतात, म्हणून हॉटेलात चौकशी करून मगच गाव फिरा. हलाल जेवण ग्रॅनाडात मोरोक्कन लोकांच्या खाणावळींत मिळते, डबा तिथूनच न्यावा. बटाटा-अंड्याची तोर्तिया चालते, पण मिठाई घेताना जपा. मांतेकादो वगैरे बिस्किटांत पुष्कळदा डुकराची चरबी असते, वेष्टनावर 'मांतेका दे सेर्दो' असे लिहिलेले असते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी उगमाजवळच्या पाण्यात उतरू नये, खालच्या बाजूला बसावे. आणि बरोबर वडीलधारे कुणी असेल तर रबरी चपला न्या, कारण तिथले दगड फार निसरडे आहेत.